चुन्याची डबी

माणसाला एखादा छंद असावा, असं मी वर्गात पस्तीस वर्षं सांगत आलो. निबंधाचा विषयच होता तो, 'माझा आवडता छंद'. पोरं दरवर्षी वाचन, पोस्टाची तिकिटं आणि बागकाम यांवर वीस-वीस ओळी लिहायची आणि मी दहापैकी सहा गुण द्यायचो. वास्तविक त्यांतल्या एकानेही कधी तिकीट जमवलेलं नव्हतं, आणि बागकाम म्हणजे बापाच्या शेतात निंदायला जाणं. त्याला आमच्या अहमदपुरात छंद म्हणत नाहीत. आमच्याकडे खरे छंद दोनच. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून निवडणुकीचा निकाल सहा महिने आधी लावायचा आणि पाऊस कधी पडणार यावर पैज मारायची. दोन्हींना खर्च चहापुरता.

आमच्या चिरंजिवांना मात्र छंद लागला तो समुद्राचा.

आता अहमदपूर आणि समुद्र यांच्यात किती अंतर आहे, हे ज्याने एस. टी.च्या लाल गाडीतून कापलंय त्यालाच ठाऊक. १९९१ साली शाळेची सहल गणपतीपुळ्याला नेली होती. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. समुद्र पाहून बाकीची पोरं ओरडली, भिजली, एकमेकांच्या अंगावर वाळू टाकून झाली. हा एकटा गुडघाभर पाण्यात उभा राहून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरत होता. "अण्णा, थोडा समुद्र घरी न्यायचाय." मी म्हटलं, ने बाबा, समुद्राला काय कमी पडणार आहे! अर्ध्या रस्त्यातच बाटलीला वास मारायला लागला. घरी आल्यावर दोन दिवस ती खिडकीत होती, तिसऱ्या दिवशी रिकामी दिसली, आणि आठवड्याभरात आमच्या अंगणातली तुळस वाळली.

तुळस कशाने गेली याचा छडा आमच्या घरात कधी लागला नाही. हिने शेजारणीच्या नजरेपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मी त्या संध्याकाळी ओसरीवर पेपर तपासत बसलो होतो. चिरंजीव बाटली तुळशीत ओतताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मी बोललो नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं, त्यात आणखी काय बोलायचं!

तर तोच पोरगा पुढे इंजिनियर झाला, अमेरिकेत गेला, टेक्सासात डॅलसजवळ घर बांधून राहिला आणि त्या घराच्या हॉलमध्ये त्याने समुद्र आणून बसवला. या खेपेला बाटलीत नाही, काचेच्या टाकीत. आम्ही दोघं २०२२ च्या जानेवारीत त्याच्याकडे गेलो तेव्हा करोनाचे दिवस पुरते सरले नव्हते. त्यामुळे आमचं स्वागत झालं आणि लगेच पाच दिवस मागच्या खोलीत रवानगी झाली. ही जरा हिरमुसली. चिरंजीव म्हणाले, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या घरात नवीन आलेला प्रत्येक जण आधी वेगळ्या टाकीत राहतो." तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला नाही. पाच दिवसांनी लागला.

टाकी पाऊणशे गॅलनची. म्हणजे दोनशे ऐंशी लिटर, म्हणजे हिच्या हिशेबाने वीस हंडे. हिने टाकीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं?" मराठवाड्यातली बाई ताजमहाल पाहायला गेली तरी पाणी कुठलं हेच विचारील. हिची बहीण लातूरला असते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा ती बहीण फोनवर रडली होती. त्या बहिणीच्या बहिणीला आता पोरगा समजावून सांगत होता की, नळाचं पाणी आधी गाळायचं, त्यातला कण न् कण क्षार काढून टाकायचा, आणि मग त्या गोड पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम या मापाने विकतचं मीठ घालायचं. दर आठवड्याला दोन हंडे पाणी काढून फेकायचं आणि तेवढंच नवं करून घालायचं. ही शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे गोड पाणी मुद्दाम खारट करायचं. आमच्या बोअरला हे आपोआप होतं."

टाकीत मासे होते, पण ते नुसते शोभेला. लग्नघरात करवल्या असतात तसे. खरे यजमान म्हणजे पोवळी. पोवळं म्हटलं की मला आजवर ज्योतिषी आठवायचा. मंगळ कडक असला की तो अंगठीत घालायला सांगतो ते. पोवळं हा जिवंत प्राणी असतो, त्याला तोंड असतं, तो रात्री इवले इवले हात बाहेर काढून खातो आणि अंगात शेवाळाची भाडेकरू मंडळी ठेवून त्यांच्याकडून अन्नाच्या रूपाने भाडं वसूल करतो, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. आपल्या मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत, पण ती घरी आणायची सोय नाही. २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसवलंय. तिकडे मात्र घराघरांत पोवळी वाढवतात, त्यांचे तुकडे तोडून दगडी चकतीवर चिकटवतात आणि एकमेकांना देतात. आपल्याकडे शेजारी विरजण मागायला येतात किंवा गुलाबाची फांदी मागून नेतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की विरजणाचे डॉलर पडत नाहीत. नखाएवढ्या एका तुकड्याची किंमत पोराने सांगितली आणि मी तिला रुपयांत गुणून पाहण्याची चूक केली. माझे पहिले काही महिन्यांचे पगार त्या चकतीवर बसले होते.

आणि हाच पोरगा आम्हाला रोज रात्री जेवताना सांगायचा, "अण्णा, ते चार एकर विकून टाका. खर्च किती, उत्पन्न किती, कधी हिशेब केलाय का? तुमच्यानंतर कोण बघणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी आणखी एक पोळी घ्यायचो.

एक दिवस पोरगं आणि सूनबाई ऑफिसला गेल्यावर मी टाकीपुढे खुर्ची टाकून बसलो होतो. एका दगडाच्या फटीत तपकिरी रंगाचं काहीतरी डोलत होतं. सुपारीएवढं, वर झिपऱ्या, बारक्या खजुराच्या झाडासारखं. मला ते आवडलं. संध्याकाळी मी कौतुकाने म्हणालो, "ते खजुराचं झाड छान आलंय."

चिरंजिवांनी हातातला चमचा खाली ठेवला. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या लक्षात आलं की, आपलं काहीतरी चुकलं. शहरातला पाहुणा शेतात येऊन काँग्रेस गवताच्या पांढऱ्या फुलांना 'किती नाजूक' म्हणतो, तेव्हा आमचं जसं तोंड होतं तसं त्या दोघांचं झालं होतं.

त्या खजुराचं नाव एप्टेशिया. हाही प्राणीच. एखाद्या नव्या पोवळ्याच्या दगडाला चिकटून घरात शिरतो, शेजाऱ्यांना डंख मारतो, त्यांची जागा बळकावतो आणि पसरत जातो. म्हणून तर नवीन पोवळं आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचं आणि काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं. बीजप्रक्रिया आणि विलगीकरण, दोन्ही. सगळं करूनही हा एक पाहुणा निसटून आत आलाच होता.

मी मनात म्हटलं, हात्तिच्या! एवढंच ना? तण आहे, उपटून टाकावं. घरात बसून खाल्लेल्या पोळ्यांची थोडी परतफेड होईल. दुसऱ्या दिवशी घरात सामसूम झाल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतले, पोराचा लांब चिमटा घेतला आणि समुद्रात हात घातला. खजुराला चाहूल लागली की तो सुळकन बिळात जातो. पण मीही हरळी काढलेला माणूस! अर्धा तास दबा धरून शेवटी त्याला धरलं आणि ओढलं. तो तुटला. काही चिमट्यात आला, काही दगडात राहिला, काही पाण्यात तरंगत कुठे गेला ते माझ्या चाळिशीला दिसलं नाही. चिमटा धुऊन जागेवर ठेवला आणि विजयी मुद्रेने चहा केला.

पंधरा दिवसांनी टाकीत अकरा खजूर होते.

या प्राण्याचा तुटका तुकडा पुरा प्राणी होऊन उभा राहतो, ही माहिती मला त्या अकरा जणांनी दिली. पुराणात रक्ताच्या थेंबागणिक नवा राक्षस उभा राहायचा, ते मी मुलांना रंगवून शिकवत असे. स्वतः चिमटा घेताना मात्र आठवलं नाही. बरं, कबूल करावं तर रोज रात्री शेतीचा हिशेब विचारणारा पोरगा समोर! मी गप्प राहिलो.

मग उपाय सुरू झाले. आधी तीन कोळंब्या आणल्या. अंगावर लाल पट्टे असलेली ही जात एप्टेशिया खाते. आमच्या तिघी पहिल्याच दिवशी दगडामागे गेल्या आणि फक्त माशांच्या जेवणाच्या वेळी बाहेर यायच्या. ही म्हणाली, "दिवाळसणाला आलेले जावई असेच असतात." मग एका इवल्याशा समुद्री गोगलगाईची चौकशी झाली. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काही म्हणजे काहीच खात नाही. एवढं कडक व्रत ठेवल्यामुळे खजूर संपले की तीही उपाशी मरते. ते ऐकून हिचा जीव कळवळला आणि बेत रद्द झाला.

शेवटी एका रात्री चिरंजिवांनी कपाटातून पांढऱ्या भुकटीचा डबा काढला. म्हणाले, "आता काल्कवासर." शब्द जर्मन, डबा अमेरिकन, किंमत डॉलरमध्ये. मी बोटावर चिमूटभर घेतली, चोळली, वास घेतला.

"अरे, हा तर चुना!"

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अण्णा."

"तेच. काल्कवासर म्हणजे चुन्याची निवळी." मी खिशातून पानाची चंची काढून त्यातली डबी उघडून दाखवली. पोराने दोन्ही चुने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हसायला लागला. कितीतरी वर्षांनी तो माझ्यासमोर तसा हसला. माझा चुना मात्र त्याने घेतला नाही, त्यात कात-तंबाखूचे कण असतील म्हणाला. ते खरंच होतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून काम केलं. पंप बंद करून पाणी स्थिर केलं. चुना घट्टसर कालवून सुई लावलेल्या पिचकारीत भरला. मी बॅटरी धरली. तो एकेका खजुराच्या तोंडावर हलक्या हाताने थेंब सोडायचा. खजूर आधी तो गिळायचा, मग आक्रसायचा, मग पांढऱ्या गोळ्याखाली गडप व्हायचा. घाई करायची नाही, चुना जास्त झाला तर साऱ्या टाकीचं पाणी बिघडतं. अकराच्या अकरा करायला दीड तास लागला.

"एकही राहता कामा नये," तो पाण्यात डोळे घालून पुटपुटला. "आज एक राहिला तर पंधरा दिवसांत वीस."

मी चमकलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझे वडील हरळीबद्दल हेच बोलायचे, याच आवाजात, असेच वाकून. नातवाने आजोबांना शेतात कधी पाहिलेलं नाही. तो पाळण्यात होता तेव्हाच ते गेले.

"तुटल्याशिवाय एवढे होत नाहीत," पिचकारी धुताना तो म्हणाला. "एखाद्या माशाने ओढला असेल."

"मासे फार वाईट," मी म्हणालो.

मे महिन्यात आम्ही परत आलो. जूनमध्ये पाऊस झाला, सोयाबीन पेरलं. जुलैत दोन पानांवर आलं असेल नसेल, एका सकाळी वाटेकरी मामा दारात उभे. "गुरुजी, शेतात चला. गोगलगाई पीक खायल्यात."

२०२२ चा तो जुलै आमच्याकडे कुणी विसरणार नाही. लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, तिन्ही जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. कुणी दोनदा पेरलं, कुणी तिसऱ्यांदा. पुढे सरकारने मदत जाहीर केली, पण मदतीने पेर साधत नाही. आमच्या चार एकरांतला बांधाकडचा एकर कुणी वस्तरा फिरवल्यासारखा मोकळा झाला होता. आणि दिवसा पाहावं तर एक गोगलगाय दिसत नव्हती. सगळ्या जमिनीत आणि पालापाचोळ्याखाली झोपलेल्या.

ही गोगलगाय मूळची आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रज साहेबाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. साहेबाला शंखशिंपल्यांचा छंद होता. निबंधात त्याला दहापैकी दहा मिळाले असते. एकेक गोगलगाय एकाच अंगात नर आणि मादी, घालते ती शंभरावर अंडी, त्यामुळे वंशवृद्धीला पत्रिका जुळायचीही वाट बघावी लागत नाही. साहेबाचा छंद पावणेदोनशे वर्षं सरपटत सरपटत अहमदपूरला पोचला आणि माझ्या बांधावर चढला.

रात्री नऊला चिरंजिवांचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा, ऑफिसची वेळ. मी सांगितलं. मला वाटलं, आता म्हणणार, 'तरी सांगत होतो, विकून टाका.' मी मनातल्या मनात पोळी शोधू लागलो.

तो म्हणाला, "दिवसा शोधू नका. रात्री बाहेर येतात. बॅटरी घेऊन जा."

"तेच करतोय. शेतातच आहे."

"व्हिडिओ लावा."

मी व्हिडिओ लावला. पुढचे दीड तास आमचा चिरंजीव डॅलसच्या ऑफिसात बसून अहमदपूरच्या शिवारातल्या गोगलगाई पाहत होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याप्रमाणे मामांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानाची पोती ठिकठिकाणी टाकली होती. त्यांच्याखाली जमा झालेल्या गोगलगाई वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मिठाचं पाणी पाहून पोरगा ओरडला, "अण्णा, मीठ पिकात सांडू देऊ नका!" तो मीठ-पाण्यातला माणूस, त्याला बरोबर कळलं. मग प्रश्न सुरू झाले. अंडी कुठे घालतात? औषधाने अंडी मरतात का? नाही ना? मग आठ दिवसांनी पुन्हा फेरी केली पाहिजे. शेजारच्या शेतातून येतात का? मग कडेने काहीतरी आडवं घातलं पाहिजे. त्यांना ओलांडवणार नाही असं काय आहे?

मामा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "चुना. बांधाच्या कडंनं चुन्याचा पट्टा मारायचा, बाळासाहेब."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला. त्या रात्रीसारखाच.

बादली भरली होती, पाय चिखलात रुतले होते, कंबर धरली होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं निघतं. मी म्हणालो, "अरे, एक सांगायचं राहिलं. त्या टाकीतला खजूर मी ओढला होता. माशाने नाही."

"माहितीये, अण्णा."

"कसं?"

"टाकीवर कॅमेरा आहे. ऑफिसातून बघायला लावलाय. तुम्ही अर्धा तास पाण्यात हात घालून उभे होतात."

माझ्या हातातली बॅटरी सोयाबीनवर स्थिर झाली. अकरा खजूर, तीन कोळंब्या, ती दीड तासाची पिचकारी आणि त्या माशावर घेतलेला आळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही तुळशीचं कधी बोललात?"

मामा म्हणाले, "गुरुजी, उजेड इकडं धरा की. निसटून चालल्यात."

तो एकर आम्ही पुन्हा पेरला. उशिराची पेर, उतारा बेताचाच आला. हिशेबात तोटाच. या गोष्टीलाही आता काही वर्षं झाली. शेत विकायचा विषय चिरंजिवांनी त्यानंतर अजून काढलेला नाही. आज ना उद्या काढील, कारण 'तुमच्यानंतर कोण बघणार' हा प्रश्न आहे तिथेच आहे आणि माझ्याकडे उत्तरही आलेलं नाही. पण पावसाळ्यात आमचा फोन आता वेगळ्या तऱ्हेने सुरू होतो.

"किती?" तो विचारतो.

"आज अर्धी बादली. तुझे?"

"तीन. एक पाठीमागच्या दगडावर, सुई पोचत नाही."

ही शेजारून म्हणते, "अहो, जेवला का ते विचारा, पोरं कशी आहेत ते विचारा! बापलेकांना दुसरं काही बोलायला सुचत नाही का?"

खरं सांगायचं तर नाही सुचत. मी फोन हिच्या हातात देतो, पान काढतो आणि चुन्याची डबी शोधायला लागतो.